बाबांच्या सीटीत प्लुरल प्लाक्स आणि तळाशी रेषा: हा ॲस्बेस्टॉसचा आजार म्हणायचा का?

चांदणवेल (मूळ प्रश्न)

नमस्कार. बाबांच्या रिपोर्टबद्दल विचारायचं आहे. माहिती शक्य तितकी नेमकी देते.

वय ७१. १९७६ ते १९९१ कारखान्याच्या बॉयलर विभागात फिटर. वाफेच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग (उष्णता रोखणारा लेप) फोडून काढणं, नवीन लेप चढवणं, फ्लँजवरच्या चिकटलेल्या गास्केट खरवडणं, बॉयलरच्या दारांना ॲस्बेस्टॉसची दोरी बसवणं, ही रोजची कामं. तोंडाला फार तर रुमाल. कामाचे कपडे घरी यायचे आणि आई ते झटकून हाताने धुवायची. सिगरेट १९७५ पासून, रोज दहा-बारा. आता चार-पाचवर आली आहे, पण सुटलेली नाही.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात काहीतरी दिसलं म्हणून एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) झाला. त्यात लिहिलंय: दोन्ही बाजूंना कॅल्शियम साचलेले प्लुरल प्लाक्स (छातीच्या आतल्या आवरणावरचे चट्टे), बरगड्यांलगत आणि डायफ्रॅमवर (छाती-पोटामधल्या पडद्यावर). दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, मागच्या बाजूला, सबप्लुरल (आवरणालगतच्या) रेषा आणि जाळीदार ओपॅसिटी (पांढुरकी छटा); या डिपेंडंट चेंजेस (झोपल्यावर वजनाने दिसणारे बदल) आहेत की सुरुवातीचा फायब्रोसिस (फुप्फुसात चट्टे पडून ते कडक होणं), ते ठरवता येत नाही.

त्रास म्हणाल तर दोन जिने चढले की दम लागतो आणि कोरडा खोकला असतो. वजन कमी झालेलं नाही, छातीत दुखत नाही, थुंकीत रक्त नाही.

१. प्लाक म्हणजे कॅन्सरची सुरुवात का? बायोप्सी करावी लागेल का?
२. कोणत्या तपासण्या करायच्या आणि किती वेळाने?
३. आईला धोका आहे का? ती ६६ वर्षांची आहे, काहीच त्रास नाही.
४. घरामागे त्या दोरीचं एक भेंडोळं आणि दोन जुने सिमेंटचे पत्रे पडून आहेत. तोडून पोत्यात भरून टाकले तर चालेल का?

श्वासपटल

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण जीव तिथेच टांगणीला लागला असणार. प्लाक म्हणजे कॅन्सर नाही आणि प्लाकचा पुढे कॅन्सर होत नाही. छातीच्या पिंजऱ्याला आतून जे आवरण असतं, त्यावर पडलेले हे जाड, घट्ट चट्टे. संपर्कानंतर साधारण वीस-तीस वर्षांनी दिसू लागतात. बरगड्यांच्या कडेने आणि डायफ्रॅमच्या घुमटावर असतात. फुप्फुसाचं टोक आणि खालचा कोपरा सहसा मोकळा राहतो. त्यांची बायोप्सी करायची नसते.

पण प्लाक हा पुरावा आहे. या माणसाच्या छातीत ॲस्बेस्टॉसचे तंतू पोचले होते, हे तो सांगतो. म्हणून बाकीच्या आजारांकडे लक्ष ठेवायचं. ते आजार वेगवेगळे आहेत आणि लोक सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात, तिथून गोंधळ सुरू होतो. ॲस्बेस्टोसिस हा खुद्द फुप्फुसाचा फायब्रोसिस. छातीच्या आवरणाचे साधे आजार म्हणजे प्लाक, पसरट जाडी आणि एका बाजूला साचणारं पाणी. फुप्फुसाचा कॅन्सर वेगळा, आणि आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, हा त्याहून वेगळा. स्वरयंत्र आणि बीजाशयाच्या (ओव्हरीच्या) कॅन्सरशी असलेला संबंधही पुरेशा पुराव्यानिशी मान्य झालेला आहे.

तुमच्या रिपोर्टमधली खरी महत्त्वाची ओळ प्लाकची नाही, तळाच्या रेषांची आहे. उताणं झोपवून सीटी काढला की फुप्फुसाचा मागचा भाग वजनाने दबतो आणि तिथे खोट्या रेषा दिसतात. यावर उपाय सोपा आहे: पालथं झोपवून, पूर्ण श्वास आत घ्यायला लावून, फक्त तळाचे काही कट पुन्हा घ्यायचे. रेषा गेल्या तर त्या वजनाच्या होत्या. राहिल्या तर फायब्रोसिस. सेंटरवाल्यांना आधीच चिठ्ठीवर ‘प्रोन कट्स’ लिहून द्या, नाहीतर ते पुन्हा उताणाच काढतील.

त्याबरोबर पूर्ण पीएफटी (फुप्फुसाच्या कामाच्या तपासण्या) करा. नुसती स्पायरोमेट्री (फुंकून श्वास मोजणं) पुरत नाही. टीएलसी (फुप्फुसात मावणारी एकूण हवा) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो त्याचं माप) हवेच. बाबा सिगरेट ओढतात, त्यामुळे एम्फिसिमाही (वायुकोशांच्या भिंती मोडण्याचा आजार) असू शकतो. एम्फिसिमा फुप्फुस फुगवतो, फायब्रोसिस ते आक्रसतो, आणि दोन्ही एकत्र असले की आकारमान नॉर्मलच्या आसपास दिसून फसगत होते. डीएलसीओ मात्र दोन्हींमुळे घसरतो, तो लपत नाही. जोडीला सहा मिनिटांची चाल, चालताना ऑक्सिजन किती उतरतो ते बघायला. हे सगळं आत्ताच करून ठेवा. पुढे काही बदललं तर कशाशी ताडून बघणार?

सिगरेटबद्दल रोखठोक बोलतो. १९७९ साली अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या पाहणीत फुप्फुसाच्या कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण असं आलं होतं: सिगरेट नाही, ॲस्बेस्टॉस नाही, त्यांना १ धरलं तर फक्त ॲस्बेस्टॉस असणाऱ्यांत ५ पट, फक्त सिगरेट असणाऱ्यांत ११ पट आणि दोन्ही असणाऱ्यांत ५३ पट. नंतरच्या अभ्यासांत हा गुणाकार इतका चोख आला नाही, पण दोन्ही एकत्र म्हणजे फार वाईट, हे कायम राहिलं. सोडल्यावर पहिल्या दहा वर्षांत धोका निम्म्याच्या आसपास येतो, हेही त्याच व्यवसायातल्या कामगारांत दिसलं आहे. छातीत बसलेले तंतू काढता येत नाहीत. सिगरेट काढता येते. चार-पाच म्हणजे सुटली असं नाही. मेसोथेलिओमाचा मात्र सिगरेटशी संबंध नाही, त्यामुळे ‘मी कधीच ओढली नाही’ म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजीच्या बाजूने थोडी भर घालतो.

हवेत मोजले जाणारे तंतू म्हणजे ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबीचे. बारीक असल्यामुळे ते हवेच्या झोताबरोबर पार वायुकोशांपर्यंत जातात. तिथली सफाई करणारी मॅक्रोफाज पेशी साधारण १५ ते २० मायक्रॉनची. तिच्याहून लांब तंतू तिला गिळता येत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती वर्षानुवर्षं क्षोभक द्रव्यं सोडत राहते. तंतूतल्या लोहामुळे ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, ते आसपासच्या पेशींचा डीएनए बिघडवतात. एका बाजूने चट्टा भरत जातो, दुसऱ्या बाजूने जनुकीय बिघाड साचत जातो. काम सोडून तीस वर्षं झाली तरी आजार का निघतो, याचं उत्तर यात आहे: काम थांबलं, तंतू थांबले नाहीत.

प्लाक मायक्रोस्कोपखाली पाहिला तर जवळपास पेशीच नसतात, टोपलीच्या विणीसारखे कोलॅजनचे थर असतात. ज्यात पेशीच नाहीत त्यातून कॅन्सर कसला निघणार.

बायोप्सीची वेळ वेगळ्या कारणाने येते: एका बाजूला पाणी साचलं, किंवा आवरण गाठीगाठीने जाड झालं, विशेषतः मेडियास्टायनमच्या (दोन फुप्फुसांमधल्या जागेच्या) बाजूने, किंवा जाडी १ सेंटिमीटरच्या वर गेली. तेव्हा लक्षात ठेवा की पाण्याच्या तपासणीत पेशी सापडल्या नाहीत म्हणून मेसोथेलिओमा नाही, असं होत नाही. पाण्यावरून तो अनेकदा चुकतो. थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, डोळ्यांनी बघून घेतलेल्या तुकड्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा निदान होतं. तुकडा खोल हवा, चरबीपर्यंत गेलेला, कारण पेशी चरबीत घुसल्या आहेत का यावर बरंच ठरतं. रिपोर्टमध्ये कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, डी२-४० हे मेसोथेलिओमाच्या बाजूचे आणि टीटीएफ-१, क्लॉडिन-४ हे फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या (ग्रंथीपेशींच्या कॅन्सरच्या) बाजूचे मार्कर (पेशी ओळखायच्या खुणा) पाहिलेत का, ते वाचा. बीएपी-१ हे प्रथिन हरवलेलं असेल तर पेशी कॅन्सरच्याच आहेत, नुसत्या चिडलेल्या नाहीत, याला बळ मिळतं.

आणि एक: रक्तातल्या मेसोथेलिन या प्रथिनाची तपासणी ‘ॲस्बेस्टॉस स्क्रीनिंग’ म्हणून कुणी सुचवली तर करू नका. लक्षणं नसलेल्या माणसात तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. खोटी पॉझिटिव्ह आली की पुढचं सगळं चक्र सुरू होतं.

गवतफूल

आमच्याकडे नेहमी असं ऐकलंय की निळा ॲस्बेस्टॉस घातक, पांढरा फारसा नाही. दोरी आणि पत्रे पांढऱ्याचेच असतात ना? मग एवढं घाबरायचं कारण काय?

धूळमापक

गवतफूल, हा समज फार पसरलाय म्हणून सविस्तर लिहितो. पांढरा म्हणजे क्रायसोटाइल. त्याचे तंतू कुरळे असतात आणि फुप्फुसात लवकर तुटतात, विरतात. निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट सरळ, ताठ, टिकाऊ. मेसोथेलिओमा त्यांच्यामुळे कितीतरी जास्त होतो, हे खरं. पण फुप्फुसाचा कॅन्सर आणि ॲस्बेस्टोसिस पांढऱ्यानेही होतात. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सहाही प्रकारांना माणसात कॅन्सर करणारे म्हणते. शिवाय बॉयलरच्या लॅगिंगमध्ये फक्त पांढरा असायचा, हे गृहीतकच चूक आहे. त्या लेपांत अमोसाइट आणि क्रोसिडोलाइट सर्रास वापरले गेले. मूळ प्रश्नातल्या बाबांनी नेमकं तेच काम केलं आहे.

चांदणवेल, तुमच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली, कामाचा इतिहास लिहून काढा. आत्ता, बाबांच्या तोंडून. ‘पंधरा वर्षं बॉयलरवर’ एवढं पुरत नाही. वर्षवार लिहा: कोणतं काम, आठवड्याला किती तास, सुकं की ओलं करून, बंद खोलीत की उघड्यावर, शेजारी दुसरं कोण लॅगिंग फोडत होतं, झाडू कोण मारायचं. डॉक्टर याचा हिशेब फायबर-इयर्समध्ये करतात: हवेच्या दर मिलिलिटरमधले तंतू गुणिले वर्षं. म्हणजे मिलिलिटरला ५ तंतू असलेल्या हवेत ५ वर्षं काम, तर २५. हेलसिंकी निकषांत (ॲस्बेस्टॉसच्या आजारांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या) २५ फायबर-इयर्सला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दुप्पट धरतात. सुकं लॅगिंग ओरबाडताना आकडा मिलिलिटरला शंभरच्या घरात आणि वरही जात असे, आणि आज अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ०.१ आहे. म्हणून ‘कधी-कधीच फोडायचो’ हे उत्तर सोडून देऊ नका, किती वेळा ते विचारा. नेमणुकीचं पत्र, बढतीची पत्रं, पगाराच्या पावत्या, सोबत काम केलेल्यांची नावं, सगळं एका फाइलमध्ये. भरपाईच्या दाव्यांना बऱ्याच देशांत निदानाच्या तारखेपासून मुदत सुरू होते, आणि तोवर कारखाने बंद पडलेले असतात.

दुसरी गोष्ट, तो ढीग. तोडू नका आणि पोत्यात तर मुळीच भरू नका. विणलेल्या पोत्यातून तंतू सरळ बाहेर येतात. दोरी पत्र्याहून वाईट, कारण पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात, दोरीत ते मोकळेच असतात. नुसती हलवली तरी उडतात.

करायचं ते असं. वारा नसलेली वेळ. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब, कारण नुसतं पाणी दोरीवरून ओघळून जातं, आत मुरत नाही. जोराचा झोत नको, बारीक तुषार हवेत. पूर्ण भिजेपर्यंत थांबा. मग उलगडू नका, आहे तशी जाड पॉलिथिनच्या पिशवीत सरकवा, तोंड पिळून दुमडा आणि टेप मारा. आतली हवा दाबून काढायची नाही, तिच्याबरोबर धूळ बाहेर येते. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असं ठळक लिहून. पत्रेही ओले करून अख्खेच्या अख्खे, साधारण ०.१५ मिमी जाडीच्या पॉलिथिनच्या दोन थरांत गुंडाळायचे. जागा ओल्या फडक्याने पुसायची, फडकं धुवायचं नाही, त्याच पिशवीत टाकायचं. झाडू नको, घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको. तो बारीक तंतू मागच्या बाजूने खोलीभर सोडतो. जाळायचं तर अजिबात नाही. पत्रे आगीत फटाफट फुटतात आणि तुकडे उडतात.

मास्क एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा. कापडी आणि सर्जिकल मास्कची कड चेहऱ्याला बसत नाही, तंतू बाजूने आत जातात. दाढी असेल तर चांगला मास्कही गळतो. हे सगळं बाबांनी करायचं नाही, आणि शक्य असेल तिथे घरच्या कुणीही नाही. धोकादायक कचरा उचलणारी स्थानिक यंत्रणा असेल तर भिजवून, झाकून, न हलवता तिचीच वाट बघा.

सूक्ष्मदर्शी

धूळमापकांनी पांढरा लवकर विरतो म्हटलं, त्याला जोडून. बायोप्सीत किंवा फुप्फुस धुतलेल्या पाण्यात ‘ॲस्बेस्टॉस बॉडीज’ सापडल्या नाहीत म्हणून संपर्क नव्हता, असा निष्कर्ष काही जण काढतात. चूक आहे. लोहाचं कवच चढलेले ते सोनेरी मण्यांचे तंतू मुख्यतः निळ्या-तपकिरी जातीचे असतात. पांढऱ्यावर त्या सहज बनत नाहीत. सापडल्या तर भक्कम पुरावा, नाही सापडल्या तर कामाचा इतिहासच बोलतो.

चांदणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासण्या झाल्या. पालथं झोपवून काढलेल्या सीटीतही रेषा तशाच आहेत. पीएफटी (टक्के अपेक्षित आकड्याचे): एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा) ६६ टक्के, एफईव्ही-१ (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर ०.७८, टीएलसी ६८ टक्के, डीएलसीओ ४९ टक्के. सहा मिनिटांत ३९० मीटर चालले, ऑक्सिजन ९६ वरून ८९ वर आला. डॉक्टरांनी ॲस्बेस्टोसिस लिहिलंय आणि स्टेरॉइड सुरू करू म्हणाले. शिवाय दरवर्षी सीटी सांगितलाय. दोन्ही बरोबर आहे का? आईचं आणि हर्नियाचं राहिलंच.

श्वासपटल

आकडे आपसांत जुळतात. आकारमान कमी, गुणोत्तर चांगलं, डीएलसीओ निम्म्यावर, चालताना ऑक्सिजन उतरतो. तळाचा फायब्रोसिस, पुरेसा संपर्क, पुरेशी मधली वर्षं आणि प्लाक. ॲस्बेस्टोसिस म्हणायला एवढं पुरतं, बायोप्सी लागत नाही. फक्त असाच फायब्रोसिस करणारी दुसरी कारणं बाजूला झाली आहेत ना, ते विचारा: संधिवाताच्या रक्ततपासण्या, आणि अमिओडारोन, मेथोट्रेक्झेट, नायट्रोफ्युरँटॉइन यांपैकी काही औषध चालू आहे का.

स्टेरॉइडबद्दल डॉक्टरांना शांतपणे कारण विचारा. ॲस्बेस्टोसिसमध्ये स्टेरॉइडने फायदा होत नाही, साखर, हाडं आणि संसर्ग यांचा त्रास मात्र होतो. दुसरं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. चट्टा विरघळवणारं औषध नाही. निंटेडॅनिबसारखं औषध घसरण मंदावतं, पण ते आजार पुढे सरकतोय हे दिसल्यावर देतात. ढोबळ मापदंड असा की दोन वर्षांच्या आत एफव्हीसी आधीच्या आकड्याच्या १० टक्के घसरली, किंवा ५ ते १० टक्के घसरून जोडीला लक्षणं किंवा सीटी बिघडला. म्हणून पीएफटी दर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. दोन लॅबच्या डीएलसीओमध्ये यंत्रामुळेच फरक पडतो आणि उगाच घाबरायला होतं.

आत्ता फायदा करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. फ्लूची लस दरवर्षी, न्युमोकोकलची लस. पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे देखरेखीखाली चालणं आणि पायांचे व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते बारा आठवडे. फुप्फुस तेच राहतं पण दम लागणं कमी होतं. घरी ऑक्सिजन लागायची वेळ तेव्हा, जेव्हा बसल्या जागी सॅच्युरेशन ८८ किंवा खाली राहतं. अजून तिथे नाही.

वार्षिक सीटीबाबत डॉक्टरांशी सहमत आहे, पण तो लो-डोस (कमी किरणांचा) असावा. कारण सिगरेटचा हिशेब पंचवीस पॅक-इयर्सच्या (रोजची पाकिटं गुणिले वर्षं) आसपास जातो, त्यात ॲस्बेस्टॉस. फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशनने बरा होऊ शकतो, तपासणीचं कारण ते.

धूळमापक

इथे मला शंका आहे. प्लाक असलेल्या सगळ्यांनाच दरवर्षी सीटी सुचवतात, त्याने मेसोथेलिओमा तर लवकर सापडून वाचत नाही ना?

श्वासपटल

नाही वाचत. मेसोथेलिओमासाठी स्क्रीनिंगचा फायदा कुणी दाखवू शकलेलं नाही. म्हणूनच सिगरेट न ओढलेल्या, नुसते प्लाक असलेल्या माणसाला मी वर्षाला सीटी सांगणार नाही. त्यांना लक्षणं समजावून सांगणं जास्त मोलाचं: एकाच बाजूला सतत ठुसठुसणारं दुखणं, काही आठवड्यांत वाढलेली धाप, एका बाजूला पाणी, विनाकारण उतरणारं वजन, पोट फुगणं. यातलं काही आलं तर थांबायचं नाही आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात ॲस्बेस्टॉस सांगायचं. मेसोथेलिओमाला पूर्वी केमोथेरपी एवढाच आधार होता. २०२० पासून निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीच्या औषधांची जोडी मिळते. चाचणीत मध्यमान आयुष्य १४.१ महिन्यांवरून १८.१ महिन्यांवर गेलं. आकडा मोठा नाही, पण एपिथेलिऑइड (मेसोथेलिओमाचा एक पेशीप्रकार) नसलेल्या प्रकारात फरक बराच जास्त होता, म्हणून पेशींचा प्रकार रिपोर्टवर लिहिलेला हवाच.

आईंना धोका आहे, पण स्वतः काम केलेल्यापेक्षा बराच कमी. घरी आलेल्या कपड्यांमुळे बायकांना मेसोथेलिओमा झाल्याचं १९६५ साली लंडनमधल्या पाहणीतच दिसलं होतं. एकदा छातीचा साधा एक्स-रे, त्यांच्या केसपेपरवर ‘घरगुती ॲस्बेस्टॉस संपर्क’ ही नोंद, आणि वरची लक्षणं माहीत असणं. सीटी नको. बीजाशयासाठी वेगळं स्क्रीनिंगही नको, मात्र पोट सतत फुगलेलं वाटलं तर सोनोग्राफी लगेच.

हर्निया लगेच अडकण्यासारखा नसेल तर ऑपरेशन चार ते सहा आठवडे पुढे ढकला आणि त्या काळात सिगरेट पूर्ण बंद. पीएफटीचा कागद भूलतज्ज्ञांच्या हातात ऑपरेशनच्या दिवशी नव्हे, आधीच्या भेटीत द्या. पूर्ण भूल टाळून लोकल किंवा स्पायनलखाली, उघड्या पद्धतीने जाळी बसवता येते का, हे त्यांना आणि सर्जनना एकत्र विचारा. दुर्बिणीच्या पद्धतीला सहसा पूर्ण भूल लागते, वर पोटात वायू भरल्याने डायफ्रॅम वर ढकलला जातो. ६८ टक्के टीएलसीवर तो भार नको. आणि खोकला अंगावर असताना जाळी बसवून घेऊ नका, आधी खोकल्याचं बघा.